दिवाणाचं नाव

"बंद करा ते. आधी ते यंत्र बंद करा."

बापूजी खुर्चीतून उठून उभे राहिले होते. शामियान्याखाली बसलेले त्यांचे अमरावतीचे होऊ घातलेले व्याही जमिनीकडे बघत होते. विहीणबाईंनी पदर तोंडाला लावला होता, आणि तो काही रडू लपवायला लावलेला नव्हता. समोर देवळापुढच्या मोकळ्या जागेत, तोंडाला पांढरा रंग फासलेला रूपराव एक पाय उचलून तसाच थांबला होता. ढोलकी थांबली, टाळ थांबले. बायका तेवढ्या अजून हसत होत्या, कारण हसू काही कोणाच्या हुकमानं थांबत नाही.

मुंबईहून आलेल्या डायरेक्टरसाहेबांनी हात वर केला, तसा कॅमेरा थांबला.

"काय झालं बापूजी? छान चाललं होतं की."

"छान? ह्या माणसानं भर लोकांत माझं नाव घेतलं. त्या कोंबडीचोर दिवाणाला माझं नाव दिलं. माझे पाहुणे बसलेत इथं."

रूपरावानं उचललेला पाय हळूच खाली ठेवला. त्याला खरोखरच काही उमजेना. त्याच्या समजुतीप्रमाणे त्यानं आज मालकांना आयुष्यातला सगळ्यात मोठा मान दिला होता.

हे समजायचं तर हिवरदऱ्याची गंमत आधी समजायला हवी. सेलूच्या पुढं, कपाशीच्या वावरांमधलं हे गाव. तिथं तान्ह्या पोळ्याला, पोरांचे लाकडी बैल मिरवून झाले की तिसऱ्या प्रहरी देवळासमोर खडी गंमत उभी राहायची आणि दिवे लागेपर्यंत चालायची. पडदा नाही, मंच नाही. उभ्यानं गायचं, उभ्यानं नाचायचं आणि उभ्यानंच गावाची उतरवायची. गंमत एकच, 'दिवाणाचा कोंबडा'. गोदी नावाच्या विधवेचा कोंबडा चोरीला जातो. चोर सापडतो, कोंबडाही सापडतो, पण आता तो सरकारी पुरावा झालेला असतो. शिपाई राखणीबद्दल एक तंगडी खातो, कारकून लिहिण्याबद्दल दुसरी खातो, वकील छाती खातो. दिवाण म्हणतो, चव पाहिल्याशिवाय न्याय कसा करू, आणि उरलेला तो खातो. मग निकाल गोदीच्या बाजूनं लागतो. दिवाण तिच्या पसरलेल्या पदरात मूठभर पिसं टाकतो आणि म्हणतो, जा बाई, जिंकलीस. ती पिसं कुरवाळत गोदी एक गाणं म्हणते, आणि तोवर पोट धरून हसणारं गाव एकदम गप्प होतं.

आता यातला दिवाण कोण? तर ज्या गावात गंमत असेल त्या गावातला सगळ्यात मोठा माणूस. दिवाण झालेल्या सोंगाड्यानं त्याचं नाव घ्यायचं, त्याच्या चालण्याची, खाकरण्याची, पान खाण्याची नक्कल करायची, त्याला कोंबडा खायला लावायचा. दिवे लागले की त्या माणसानं उठायचं, सोंगाड्याच्या हातात नारळ द्यायचा आणि आपल्या हातानं त्याच्या डोक्याला दुपट्टा बांधायचा. बोललेलं सगळं तिथं मिटलं. दुपट्टा बांधल्याशिवाय गंमत मिटत नाही, आणि एक मिटल्याशिवाय सोंगाड्या दुसरी उभी करत नाही. तो दुपट्टा मग सोंगाड्या वर्षभर बांधायचा.

बापूजींचे वडील नानाजी म्हणजे जुने मालगुजार, गावचे जमीनदार. पोळा जवळ आला की ते रूपरावाला मुद्दाम निरोप धाडायचे, "रूपराव, औंदा माह्या दम्याचं घेजो बरं, मागच्या साली राह्यलं." एका साली रूपरावानं चेष्टेनं तहसीलदाराचं नाव घेतलं, तर नानाजी पुढं कितीतरी दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. मी मेलो का, असं त्यांनी रूपरावाच्या जोडीदार चिंधूजवळ विचारलं होतं. नाव न घेणं म्हणजे तुम्ही आता मोठे नाही असं चारचौघांत सांगणं.

नानाजी मागच्या सालीच गेले. मुलगा बापूजी नागपूरला वकिली शिकून आलेला, खरेदी-विक्री संघाचा अध्यक्ष झालेला. त्यांचं नाव अजून गमतीत आलेलं नव्हतं. आज पहिल्यांदा घ्यायचं आणि तेही सिनेमात, म्हणून रूपरावानं सकाळी आंघोळ करून देवाला नारळ फोडला होता. बापूजी पायजमा सावरत कसे चालतात, ते त्यानं आठ-पंधरा दिवस लपूनछपून पाहिलं होतं. हौस दांडगी होती बिचाऱ्याची.

सिनेमावाल्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. डायरेक्टरसाहेबांनी ही गंमत नागपूरच्या कुठल्याशा कार्यक्रमात पाहिली आणि तिचा सिनेमा काढायचं ठरवलं. हिरो मुंबईचा, गाणी मुंबईची. फक्त सुरुवातीला खऱ्या गावाची खरी गंमत दाखवायची होती. ते रूपरावाला म्हणाले होते, "गावात करता तसंच करा. काही बदलू नका." त्यानं काही बदललं नाही.

"मालक," रूपराव पुढं होऊन म्हणाला, "दुपट्टा बांधा न. दिवे लागाची वाट काऊन पाहाची? साहेब, तुमी ते चालू करा. मालक दुपट्टा बांधून राह्यले."

"कोन बांधून राह्यलं?" बापूजींची शहरी भाषा गळून पडली. "माह्या बापाचं नाव दिवे लागले की मिटत होतं. हे डब्यात बंद होते, समजलं? नागपूरले लागन, मुंबईले लागन, मी मेल्यावर बी लागन. तिथं लोक हासतीन, तवा दुपट्टा कोन बांधन?"

बोलणं अगदीच चुकीचं नव्हतं. पण रूपरावालाही तोंड होतं, आणि ते त्या वेळी रंगलेलं होतं.

"तं मंग इथं बांधा न, मालक. तुमचा दुपट्टा बी डब्यात जाईन. तुमी मेल्यावर लोक थो बी पाहातीन."

अमरावतीचे व्याही आता उघड हसले, आणि ते हसू रूपरावाला महाग पडलं.

"रुप्या," बापूजी म्हणाले, "तोंड धू, अन् माह्या पाहुन्यायसमोर माफी माग."

नानाजींनी त्याला उभ्या जन्मात रुप्या म्हटलं नव्हतं. रूपरावानं डोक्याचा नानाजींनी बांधलेला शेवटचा दुपट्टा सोडला. तो आता पार विरला होता. त्याच दुपट्ट्यानं त्यानं तोंडाचा रंग पुसला आणि तो घरी निघून गेला.

दिवेलागणीला डायरेक्टरसाहेब त्याच्या घरी आले. घर म्हणजे कुडाचं एक दार आणि आत बायको देवकाबाई. रूपराव गावचा कोतवाल होता. नोकरी सरकारी, पण कशी, तर साहेब गावात आला की पहिली हाक त्याला आणि साहेब निघाला की शेवटचा चहा त्याला, तोही उरला तर. डफडं वाजवून दवंडी देणं हे त्याचं मुख्य काम. साऱ्या हुकमांना गावात आवाज त्याचाच होता.

"दोन शब्द बोला हो," डायरेक्टरसाहेब म्हणाले. "चुकलं म्हणा. मला तुमचंच पटतं, पण जनरेटर त्यांचा, बैलजोड्या त्यांच्या, आमची माणसं त्यांच्या बंगल्यात उतरलीत. नाव आपण नंतर काढून टाकू."

"कसं काढसान?"

"आवाज मुंबईत पुन्हा भरतात. तिथं दुसरं कुठलंतरी नाव घालू. खोटं एखादं."

"अन् दिवाण खोटा झाल्यावर कोंबडा कोन खाल्ला म्हनावं?"

डायरेक्टरसाहेब हसले. त्यांना वाटलं हा विनोद आहे. रूपराव हसला नाही.

"साहेब, माफी चुकीची मागाची असते. मी चुकलो नाई. मी मालकाले मोठं म्हनलं अन् मालक मोठे झाले नाई, त्याले मी काय करू? दुपट्टा बांधाचा राह्यला. थो बांधला की झालं."

"तेवढं ते करणार नाहीत."

"मंग मी बी नाई."

दुसऱ्या दिवशी कंपनीनं गाड्या भरल्या आणि ती तळेगावच्या बाजूला निघून गेली.

मग गाव फिरलं. तसं ते फिरायला काही फार मोठं कारण लागत नाही, आणि इथं तर होतं. गर्दीत नुसतं उभं राहायचे पैसे मिळत होते, ते बुडाले. चहाच्या टपरीवाल्यानं दोन नवे स्टोव्ह आणले होते. बायकांनी पडद्यावर दिसायचं म्हणून नवी लुगडी काढली होती, ती त्या घडी करताना रूपरावाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होत्या. तेव्हा पोट धरून हसलेल्या याच बायका. सगळ्यात जास्त बिनसलं चिंधूचं. चिंधू गमतीत गोदी व्हायचा. लुगडं नेसून, पदर पसरून तो असा गायचा की म्हातारे डोळे पुसायचे.

"तुह्यामुळं माह्यं थोबाड पडद्यावर आलं नाई," तो विहिरीवर सगळ्यांदेखत म्हणाला. "दोन शब्द बोल्ला असता तं काय जीभ झडली असती तुही?"

"झडली असती," रूपराव म्हणाला.

"बस मंग मुकाच."

आणि तो मुकाच बसला. दुपट्टा बांधला गेला नव्हता, म्हणजे गंमत मिटली नव्हती, म्हणजे दुसरी उभी करता येत नव्हती. पोळा आला, पोरांचे लाकडी बैल फिरले आणि देवळापुढची जागा रिकामी राहिली. पुढच्या पोळ्यालाही तसंच. लोकांना वाटलं, हा अडून बसला. तो अडून बसला नव्हता. त्याला दुसरं येतच नव्हतं.

बापूजींनी त्याची नोकरी घालवली नाही. तेवढे ते मूर्ख नव्हते. त्यांनी जीपवर भोंगा बांधला आणि संघाच्या सगळ्या दवंड्या त्यावरून द्यायला सुरुवात केली. रूपरावानं रोज सकाळी बंगल्याच्या फाटकाशी हजर राहायचं आणि काम नाही असं सांगेपर्यंत उभं राहायचं, एवढं त्याच्या वाट्याला ठेवलं. नानाजींचा दुपट्टा तोवर फाटून गेला होता. दुसरा विकत घेऊन बांधणं त्याच्या मनाला येईना. तो बोडक्या डोक्यानं उभा राहायचा. वर्ध्याकडचं ऊन कसं असतं ते ज्यानं खाल्लंय त्यालाच ठाऊक. कपाळाची कातडी सोलून निघाली.

"माहा पदर फाडून देऊ का?" देवकाबाई चिडून म्हणायची. "बांधा अन् जा. कोनाच्या दुपट्ट्याची वाट पाहून राह्यले तुमी? थो मानूस बांधनार हाय का?"

"नाई बांधनार."

"मंग?"

"मंग काय. नाई बांधनार."

असं बोलणं झालं की ती भांडी आपटायची. तिला नवऱ्याचं पटत नव्हतं असं नाही, पण पटल्यानं काही डोकं झाकत नाही.

ऐंशी सालच्या हिवाळ्यात तो सिनेमा सेलूला आला, बाजाराच्या मैदानात तंबू ठोकून. बापूजींनी गावासाठी ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या फुकट सोडल्या. रूपराव आणि देवकाबाई ट्रॉलीत चढले नाहीत. कोणी चढा म्हटलंही नाही. ते एसटीनं गेले आणि पोत्यावर मागं जाऊन बसले. पुढं खुर्च्यांवर बापूजी आणि त्यांची मंडळी होती.

सिनेमा रंगीत होता. मुंबईच्या हिरोनं तोंडाला पांढरा रंग लावला होता आणि तो एक पाय उचलून थांबत होता, अगदी तसाच. एवढंच रूपरावाचं पडद्यावर राहिलं होतं. गाणी गोड होती. गोदी होणाऱ्या नाच्याच्या जागी खरीखुरी बाई होती, आणि ती इतकी सुंदर होती की तिचा कोंबडा कोणी चोरला तर दहा जण शोधायला धावले असते. दिवाणाचं नाव आलं. ते कसलंतरी वाकडंतिकडं, कोणाचंच नसलेलं नाव होतं. तंबू हसला. खुर्च्यांवरची माणसंही हसली, मोकळी, निर्धास्त, कारण त्यात कोणाचं काही जात नव्हतं.

आणि शेवट. शेवटी दिवाण वेष पालटून गावात फिरतो, सारी चोरी कारकुनाची निघते, दिवाण कारकुनाला तुरुंगात घालतो आणि गोदीच्या पदरात तिचा कोंबडा टाकतो, जिवंत, फडफडणारा. मग सगळे मिळून नाचतात. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"कोंबडा जित्ता कसा राह्यला?" देवकाबाईनं अंधारात विचारलं.

रूपराव उठून उभा राहिला.

"अवो, तंगड्या खाल्ल्या ना त्याच्या? पिसं कुठं गेली?"

"चाल," तो म्हणाला. "एसटी सुटन."

त्याला रडू आलं नाही. त्याला राग आला, आणि तो राग हिरोवर नव्हता, डायरेक्टरवरही नव्हता. तो त्या जिवंत कोंबड्यावर होता.

पण त्या दिवशी परतीच्या ट्रॉलीत एक गोष्ट घडली, ती त्याला दुसऱ्या दिवशी कळली. मनकर्णाबाई ही गावातली सगळ्यात म्हातारी बाई, नानाजींनाही अरे-तुरे करणारी. ती ट्रॉलीतून खाली वाकून जीपमधल्या बापूजींना म्हणाली होती, "बापू, सारा शिनेमा पाह्यला बाप्पा, पन तुह्यं नाव काई आलं नाई. तुह्या बापाचं तं घंटा घंटाभर चाले." आणि दोन्ही ट्रॉल्या हसल्या होत्या.

ते हसणं गावात राहिलं. बापूजी पुढच्या वर्षी झेडपीला उभे राहणार होते. आजूबाजूच्या गावांत गमती होत होत्या, तिथल्या मोठ्यांची नावं घेतली जात होती आणि ती माणसं बाजारात फुशारकीनं सांगत होती, औंदा आमाले लय सोललं बुवा. हिवरदऱ्याच्या अध्यक्षांकडे सांगायला काही नव्हतं. पोळा जवळ आला तसे ते एका सकाळी रूपरावाच्या दाराशी आले. जन्मात पहिल्यांदा. आत बसायला काही नव्हतं, म्हणून उभेच राहिले.

"रूपराव," ते म्हणाले. रुप्या नाही म्हणाले. "औंदा गंमत उभी कर."

"मागची मिटली नाई, मालक."

"मिटवतो न. दुपट्टा बांधतो. नागपूरहून रेशमी आनतो. जरीकाठी."

देवकाबाईनं चुलीपाशी हात थांबवला.

"फक्त एक हाय," बापूजी म्हणाले. "शेवट पडद्यावरच्यासारका कर. दिवाण शेवटी चांगला निघते, कोंबडा वापस देते. तिथं माह्यं नाव घे. लोकायले आता थोच शेवट आवडते. तुले काय, नाव घेन्याशी मतलब."

रूपरावानं सोललेल्या कपाळावरून हात फिरवला.

"कोंबडा जित्ता लागन," तो म्हणाला.

"मी धाडतो."

"पोळ्याले या मालक. समोर खुर्ची मांडून बसा."

बापूजी गेल्यावर देवकाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. तिचे डोळे भरले होते. "बांधून घ्या," ती म्हणाली. "लय ऊन खाल्लं तुमी. एक शेवटच बदलाचा हाय."

तो बोडक्या डोक्यानंच बंगल्याच्या फाटकाकडं निघाला.

तान्ह्या पोळ्याला देवळापुढं अख्खं गाव लोटलं. बापूजी मधोमध खुर्चीत बसले होते. मांडीवर रेशमी दुपट्ट्याची घडी, घडीवर नारळ. त्यांच्या गड्यानं लाल तुऱ्याचा एक जंगी कोंबडा आणून देवळाच्या खांबाला बांधला होता. तो सुरुवातीच्या गणापासूनच आरवायला लागला आणि लोक त्यालाही हसायला लागले. चिंधू लुगडं नेसून तयार होता. त्यानं रूपरावाशी बोलणं सोडलं होतं, पण ढोलकी कानावर पडल्यावर त्याला राहवलं नाही.

"शेवट कोन्ता?" त्यानं तोंड दुसरीकडं करून विचारलं. "आपला का पडद्यावरचा?"

"तू पदर पसर. मी टाकतो थे घे."

मागची न मिटताच गंमत उभी राहिली आणि रूपरावाच्या अंगात काय शिरलं कोण जाणे. शिपायानं तंगडी खाल्ली, कारकुनानं खाल्ली, वकिलानं मांडी ठोकून छाती खाल्ली. गाव रडेस्तोवर हसलं. ज्या बायकांनी त्याला शिव्या घातल्या होत्या त्या एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. मग दिवाण यायची वेळ झाली. ढोलकी थांबली. नाव इथंच घ्यायचं असतं. बापूजींनी खुर्चीत पाठ सरळ केली, नारळ डाव्या हातात घेतला आणि तोंडावर हसू आणून ठेवलं.

रूपराव गोल फिरला. त्यानं सगळ्या गावावरून नजर फिरवली. खुर्चीवर ती थांबली आणि पुढं गेली. त्यानं कोणाचीच चाल घेतली नाही. तो नुसता सरळ, साध्या माणसासारखा चालत आला आणि दिवाणाच्या जागी उभा राहिला.

लोक वाट बघत राहिले. शेवटी मनकर्णाबाईलाच धीर निघेना.

"रूपराव, दिवाणाचं नाव सांगजो न."

"नाव घ्यावं असा कोनी आला नाई, काकू," रूपराव म्हणाला. "बिननावाचा हाय. पुढं चालू द्या."

कोणी हसलं नाही. बापूजींच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, कारण ते कुठं ठेवायचं हे त्यांना कळलं नाही. ढोलकीवाल्यानं घाबरत थाप मारली. बिननावाच्या दिवाणानं चव घेतली, कोंबडा संपवला, हात पुसले आणि निकाल दिला. चिंधूनं पदर पसरला. त्याची नजर क्षणभर खांबाकडं गेली, तिथं तो जिवंत कोंबडा मान वाकडी करून बघत होता. रूपरावानं कमरेच्या पिशवीत हात घातला आणि मूठभर पिसं त्याच्या पदरात टाकली.

"जा बाई. जिंकलीस."

चिंधूनं पिसांकडं पाहिलं, मग रूपरावाकडं. आणि तो गायला लागला. तो काय गायला ते हिवरदऱ्यातली माणसं अजून सांगतात. मला विचाराल तर त्याला पडद्यावर घेतलं नाही तेच बरं झालं.

गाणं संपेतो दिवे लागले. आता उठायचं, नारळ द्यायचा, दुपट्टा बांधायचा. पण ज्याचं नाव घेतलं त्यानं, आणि नाव कोणाचंच घेतलेलं नव्हतं. बापूजी उठले. रेशमी घडी त्यांनी काखेत दाबली. नारळ घेऊन काय करावं हे न कळून तो त्यांनी हातातच ठेवला. ते बंगल्याकडं निघाले. मागून त्यांचा गडी एका हातानं खुर्ची डोक्यावर धरून आणि दुसऱ्या बगलेत कोंबडा दाबून चालला होता. कोंबडा वाटभर ओरडत होता. त्यावरही कोणी हसलं नाही.

रूपराव रंगलेल्या तोंडानं मोकळ्या जागेत उभा होता. आपली ही शेवटची गंमत, आणि ती आता कधीच मिटणार नाही, हे त्याला कळत होतं. देवकाबाई आली, तिनं तेल लावून त्याचं तोंड पुसलं. पुसताना तिचा हात कपाळाच्या सोललेल्या कातडीपाशी हळू झाला.

दुसऱ्या दिवशी जीपचा भोंगा नेमका बिघडला आणि संघाचा हुकूम द्यायला फाटकावर उभ्या रूपरावाला पाठवलं गेलं. संघाच्या आवारात शिरलेल्या मोकाट ढोरांच्या दंडाचा हुकूम होता. भादव्याचं ऊन चढलं होतं. तो डफडं वाजवत गल्लीगल्लीतून फिरला. दवंडीत हुकूम देणाऱ्याचं नाव घ्यावंच लागतं, ती नोकरी आहे. ते त्यानं घेतलं, खणखणीत, अध्यक्ष बापूजी यांच्या हुकमानं, दर चौकात. लोक ऐकत होते आणि खाली बघत होते.

मनकर्णाबाई ओट्यावर बसली होती.

"रूपराव," ती म्हणाली, "डोक्यावर काई घेजो बाबू. ऊन लागन."

"सवय झाली काकू," तो म्हणाला, आणि डफडं वाजवत पुढच्या गल्लीत गेला.